ठमीची आठ गणितं

बॅटरीमावशींनी अठरा वर्षांच्या नोकरीत हजारभर सिनेमे पाहिले असतील, पण त्यातला एकही सुरुवातीपासून पाहिला नाही. पाहणार कुठून? पडद्यावर नावं यायला लागली की लोकांना थेटरात शिरायचा ऊत येतो. हिरो लहानाचा मोठा होईपर्यंत मावशी हातातली बॅटरी जमिनीवर रोखून "या, इकडून या, पायरी आहे, जपून" करत असायच्या. शेजारणींनी विचारलं, "काय हो, नवा सिनेमा कसा आहे?" की त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "मधून पुढे चांगला आहे." आता बहुतेक सिनेमे मधून पुढेच बिघडतात, हे कुणीही सांगेल. पण ज्या माणसाने सुरुवातच पाहिलेली नाही, त्याला बिघडलं कुठे ते कळणार कसं?

थेटर जुनं, एकाच पडद्याचं. पंखे हिरोपेक्षा मोठ्याने बोलायचे आणि खुर्च्यांच्या गाद्यांतून काथ्या डोकावायचा. पण तिकीट स्वस्त होतं, म्हणून गर्दी असायची. बारा, तीन आणि सहा असे तीन खेळ मावशींकडे. नवरा बेकरीत भट्टीवर, रात्रपाळीला. तो सकाळी सातला पावाच्या वासासकट घरी यायचा आणि मावशी अकराला बाहेर पडायच्या. म्हणजे नवरा-बायकोची गाठ दिवसातून चार तास आणि रात्री नऊनंतर जेवणापुरती. एवढ्या वेळात भांडायचं की संसाराचं बोलायचं? दोघांनी संसाराचं बोलायचं ठरवलं होतं. भांडणं साठवून ठेवायची आणि बेकरीच्या सुट्टीच्या दिवशी एकदम उरकायची, अशी त्यांची रीत होती.

लग्नानंतर नऊ वर्षांनी मुलगी झाली. गोल चेहऱ्याची, ठेंगणी, म्हणून तिला सगळे ठमी म्हणायला लागले. ठमी दोन वर्षांची झाली तेव्हा दिवसा घरात जागं असं कुणीच नसायचं. सासूबाई त्या वेळी धाकट्या दिरांकडे राहायच्या. मग मावशींनी मॅनेजरपुढे हात जोडले.

"साहेब, पोरीला कोपऱ्यात बसवते. आवाज नाही करणार."

"रडली तर त्याच दिवशी घरी," मॅनेजर म्हणाले.

ठमी रडली नाही. दिवसातून तीन वेळा जिच्या उशाशी बंदुका झाडल्या जातात, ती पोर रडेल कशाला? हिरॉईन रडायला लागली की मात्र ती उठून बसायची आणि टक लावून बघायची.

दोन खेळांच्या मधे अर्धा तास मिळे. मावशी झाडू मारायच्या आणि ठमी रांगेतून चालत प्रत्येक खुर्चीच्या पाठीवरच्या पत्र्याच्या बिल्ल्याला बोट लावायची. मावशी झाडता झाडता बिल्ल्यावरचा आकडा वाचून म्हणायच्या, "हा एक. हा दोन. हा तीन." चौथं वर्ष संपायच्या आत ठमीला रांगेच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत, म्हणजे पंचवीसपर्यंत, आकडे ओळखता यायला लागले. नुसतं ओळखणं नाही, पाचव्या खुर्चीवरून तीन खुर्च्या पुढे गेलं की आपण कुठे पोचतो, हे ती डोळे मिटून सांगायची. मावशी स्वतः सहावीपर्यंत शिकलेल्या. आपण कुणाला तरी काही शिकवलं, ही गोष्ट त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती. त्या मॅनेजरला, पानवाल्याला, तिकीट खिडकीतल्या माणसाला, जो सापडेल त्याला थांबवून ठमीची परीक्षा घ्यायला लावायच्या. लोक कंटाळले, पण मावशी कंटाळल्या नाहीत.

गल्लीच्या टोकाला एक चांगली शाळा होती. फी मात्र डोळे पांढरे करणारी. त्या शाळेत काही मुलांना अर्धी फी माफ व्हायची, पण त्याला दोन अटी होत्या. आईवडिलांची कमाई कमी हवी आणि मुलाचे गुण जास्त हवेत. पहिल्या अटीत मावशींचं घर पैकीच्या पैकी गुणांनी पास होतं. दुसरीत ठमीही प्रवेशाच्या वेळी पास झाली, कारण तेव्हा दहापर्यंतच विचारलं. नवऱ्याच्या पगारात भाडं, किराणा आणि आता घरी आलेल्या सासूबाईंची औषधं भागायची. मावशींच्या पगारात ठमीची शाळा. अर्धी फी भरली की महिन्याला दूध आणि रिक्षाचे सुटे पैसे उरायचे. पूर्ण फी भरायची तर मावशींना दोन थेटरांत एकाच वेळी बॅटरी धरावी लागली असती.

पहिलीच्या मध्यावर एका शनिवारी शाळेतून बोलावणं आलं. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज हळू. हळू बोलणाऱ्या माणसाची जास्त भीती वाटते, तसं मावशींचं झालं. टेबलावर ठमीच्या गणिताचा कागद होता. बेरजेची वीस गणितं, त्यातल्या आठांवर लाल फुल्या.

"बारा गुण," मोठ्या बाई म्हणाल्या. "सवलतीसाठी पंधरा लागतात, हे तुम्हाला माहीत आहे."

"हो बाई. मी घेईन तिच्याकडून करून."

"प्रश्न तेवढाच नाही. हे बघा. नऊ अधिक पाच, हे चुकलंय. सात अधिक सहा, हेही चुकलंय. आणि पंधरा अधिक चार मात्र बरोबर! सोपं येत नाही आणि अवघड येतं, असं कधी होतं? मुलगी शेजारच्या कागदात बघते, तेव्हा होतं."

मावशींना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानशिलं तापली. कागदाच्या वर कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेलं होतं, कॉपीचा संशय.

"माझी मुलगी तसं करणार नाही, बाई."

"सगळ्या आया हेच म्हणतात. पुढच्या शनिवारी सकाळी दहाला तिला घेऊन या. माझ्यासमोर, एकटीने सोडवू दे. जमलं तर ठीक. नाही जमलं तर सवलत बंद, माझा नाइलाज आहे."

मावशींनी तो कागद मागून घेतला आणि घडी करून पिशवीत ठेवला.

घरी आल्यावर सासूबाईंनी तोंडाचा पट्टा सोडला. "थेटरात पोर वाढवली! मी तेव्हाच म्हणत होते. गणिताचे तीनतेरा वाजतील नाहीतर काय होईल?" याच सासूबाई दर शुक्रवारी फुकटच्या पासावर नवा सिनेमा बघायला पहिल्या खेळाला हजर असायच्या, आणि मध्यंतरात वेफर्सही मावशींच्याच पैशाने खायच्या. पण ती गोष्ट काढायची ही वेळ नव्हती.

नवऱ्याने ठमीला मांडीवर घेतलं. "खरं सांग बेटा, शेजारच्या मुलीचं बघून लिहिलंस?"

"मी कशाला बघू?" ठमी चिडली. "तीच माझं बघते."

नवरा हसला. मावशींना हसू येईना. सवलत गेली तर ठमीला नदीपलीकडच्या स्वस्त शाळेत घालावं लागणार. दोन बस बदलून तिला न्यायचं-आणायचं कुणी? सासूबाईंचे गुडघे धड नाहीत, नवरा दिवसा मेल्यासारखा झोपतो. म्हणजे मावशींनी नोकरी सोडायची. आणि नोकरी सोडली तर तिथली फी तरी कुठून भरायची? शिवाय ते दोन शब्द लाल शाईत बसलेच होते. पैशाचं एक वेळ निभावलं असतं, पण सहा वर्षांच्या पोरीला चोर ठरवलं होतं, हे मावशींना गिळता येईना.

रविवारी सहाचा खेळ हाउसफुल्ल होता. सिनेमा रडका. हिरॉईन दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती आणि सगळं थेटर नाकं ओढत होतं, तेवढ्यात शेवटून तिसऱ्या रांगेत आवाज चढले. मावशी बॅटरी घेऊन धावल्या. एक म्हातारे काका बाहेर जाऊन परत आले होते आणि अंधारात एका बाईंच्या मांडीवर बसायच्या बेतात होते. बाई किंचाळल्या होत्या.

"काका, तिकीट बघू. तुमची खुर्ची चौदा नंबर. ही पंधरा आहे. शेजारची."

"ही चौदावीच आहे!" काका हट्टाला पेटले. "अंधारात दिसत नाही म्हणून पहिल्या खुर्चीपासून हात लावत, मोजत आलोय मी. आयुष्यभर बँकेत नोटा मोजल्या आहेत. मला मोजायला शिकवू नका!"

"बरं, मोजून दाखवते. मग तर झालं?"

मावशींनी रांगेच्या टोकापासून बॅटरी फिरवायला सुरुवात केली. लोकांच्या डोक्यांमागच्या बिल्ल्यांवरून उजेडाचा गोळा सरकत गेला. नऊ. दहा. अकरा. बारा. चौदा. बॅटरी तिथेच थांबली.

"तेरा कुठे गेला?" मावशी म्हणाल्या.

त्या हे इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पुढच्या तीन रांगांनी वळून बघितलं. हिरॉईनचा जीव त्याच क्षणी गेला, पण त्या रांगांना तो बघायला मिळाला नाही. काका म्हणाले, "बघा, मी सांगत नव्हतो?" आणि विजयी मुद्रेने आपल्या जागेवर जाऊन बसले. मावशींचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. त्या पुढच्या रांगेत गेल्या. बारा, चौदा. त्याच्या पुढच्या रांगेत, बारा, चौदा. साऱ्या थेटरात तेरा नंबरची खुर्ची नव्हती. थेटर बांधणाऱ्या मालकांना म्हणे त्या आकड्याचं वावडं होतं. अठरा वर्षं मावशी रोज त्या बिल्ल्यांवर बॅटरी मारत होत्या. पण तिकिटावरचा आकडा आणि खुर्चीवरचा आकडा जुळला की त्यांचं काम संपायचं. मधे कोण नाही, याच्याशी त्यांना काय करायचं होतं?

त्या बाहेर बोळात आल्या, पिशवीतून ठमीचा कागद काढला आणि दिव्याखाली उभ्या राहिल्या. नऊ अधिक पाच. नवव्या खुर्चीवरून पाच खुर्च्या पुढे. दहा, अकरा, बारा, चौदा, पंधरा. ठमीने पंधरा लिहिलं होतं. सात अधिक सहा. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा, चौदा. ठमीने चौदा लिहिलं होतं. मावशींनी आठही गणितं तशी चालून बघितली आणि आठही वेळा बरोबर ठमीच्या उत्तरावर जाऊन पोचल्या. पंधरा अधिक चारला ती मधली जागा लागतच नव्हती, म्हणून ते बरोबर आलं होतं. बाराच्या आतलं सगळं बरोबर होतं. पोरीने कुणाचं बघितलं नव्हतं. ती आईने शिकवलेल्या वाटेने इमानदारीत चालत गेली होती आणि ती वाटच एक पाऊल चुकलेली होती.

मावशी तिथे बोळात रडल्याही आणि हसल्याही. आतून बाहेर पडणारे लोक त्यांच्याकडे बघून एकमेकांना म्हणत होते, सिनेमा बघून बघून त्यांनाही रडू आवरत नाही, बघा.

घरी गेल्यावर त्यांनी ताटलीत शेंगदाणे ओतले. "ठमे, मोज."

"दहा, अकरा, बारा, चौदा," ठमीने बिनदिक्कत मोजलं.

"आणि तेरा?"

"तेरा नसतो."

"नसतो कसा? शाळेत म्हणता ना सगळे मिळून, अकरा, बारा, तेरा?"

"ते गाण्यात," ठमी म्हणाली.

मावशींना अर्थ लागेना. ठमीने मोठ्या माणसाला समजवावं तसं समजावलं. "अगं आई, गाण्यात हिरो डोंगरावर नाचतो, तिथे बर्फ असतो. गाणं संपलं की परत आपल्या घरात. म्हणजे तो डोंगरावर खरंच गेला का? नाही ना? तसं आम्ही वर्गात म्हणतो तेव्हा तेरा येतो. मोजताना येत नाही. गाण्यातलं खरं नसतं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण नातीचं म्हणणं त्यांनाही खोडून काढता येईना. इतके सिनेमे पाहिलेल्या बाईला ते पटतच होतं. मावशींनी बोटं दाखवली, पायांची बोटं दाखवली, शेंगदाणे परत परत मांडले. ठमी शेवटी वैतागली. "असतो तर मग तो बसतो कुठे? मी सगळ्या रांगा बघितल्यात."

 या प्रश्नाचं उत्तर आपण तयारच करू शकतो, हे रात्री भाकऱ्या थापताना मावशींच्या डोक्यात आलं.

सोमवारी सकाळी त्या मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. अठरा वर्षांत त्यांनी दुसऱ्यांदा काही मागितलं होतं.

"शेवटून तिसऱ्या रांगेचे नंबर बदलते, साहेब. बारानंतर तेरा घालते. एका आठवड्यापुरतं."

"मावशी, वेड लागलंय का? मालक मला उभा जाळतील!"

"मालक नऊ वर्षांत थेटरात आलेत का?"

"नाही, पण समजा आले तर?"

"आले तर त्यांना जागा मीच दाखवणार ना? दुसऱ्या रांगेत बसवेन."

मॅनेजर हसले. हसला की माणूस निम्मा हरलेला असतो. ते म्हणाले, "माझ्या कानावर हे आलेलंच नाही," आणि टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर त्यांच्याकडे सरकवून पंखा दुरुस्त होतोय का ते बघायला निघून गेले.

मंगळवारी सकाळी नवऱ्याने झोपायच्या आधी बिस्किटांच्या डब्याच्या झाकणातून गोल पत्रा कापून दिला, कडा घासून गुळगुळीत केल्या. सासूबाईंनी, होय, त्याच सासूबाईंनी, ठमीच्या रंगपेटीतला काळा रंग घेऊन त्यावर तेरा काढला. पहिल्यांदा तीन उलटा झाला. तो पुसून परत काढला. शाळेला त्या दिवशी सुट्टी होती, म्हणून ठमीला घेऊन मावशी दहालाच थेटरात पोचल्या. बारा बिल्ले काढायचे, प्रत्येक एक खुर्ची पुढे लावायचा, आणि रिकाम्या झालेल्या खुर्चीवर नवा. दर बिल्ल्याला दोन स्क्रू, तेही गंजलेले. मावशींच्या तळहाताला फोड आले. पंचवीसचा बिल्ला उरला, तो त्यांनी कनवटीला लावला.

ठमी रांगेच्या टोकापासून निघाली. प्रत्येक खुर्चीवर टेकत, पाय हलवत, पुढे सरकत. बाराव्या खुर्चीवरून उठून ती पुढच्या खुर्चीसमोर उभी राहिली. बिल्ल्याकडे बघितलं, त्यावर बोट फिरवलं. मग बसली. नीट मागे टेकून, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवून, मोठ्या माणसांसारखी बसली.

"बसता येतं," ती म्हणाली.

"येतं ना? मग नवव्या खुर्चीवर जा आणि पाच खुर्च्या चाल बघू."

ठमी गेली, चालली, थांबली, बिल्ला वाचला आणि डोळे मोठे करून आईकडे वळली. "चौदा! आई, मी पंधरा लिहिलं होतं!" ती परत मागे गेली आणि परत चालली, आणि परत चौदाच आलं. मग तिने आठही गणितं चालून काढली. दर गणिताला ती रांगेतून ओरडायची, "हे पण माझं चुकलं होतं!" आणि चुका सापडल्याचा इतका आनंद झालेलं मूल मावशींनी पहिल्यांदाच पाहिलं. बाराच्या खेळाची घंटा होईपर्यंत मायलेकी त्या रांगेत धावत होत्या.

आठवडाभर रोज शाळा सुटल्यावर सासूबाई गुडघे धरत धरत ठमीला थेटरावर आणून सोडायच्या, आणि दोन खेळांच्या मधे सराव चालायचा. शुक्रवारी नवा सिनेमा लागला. पंचवीस नंबरचं तिकीट घेतलेल्या गृहस्थांना त्या रांगेत पंचवीस नंबर सापडेना. मावशींनी त्यांना तेरावर नेलं. ते बिचकले. "तेरावर मी नाही बसणार. अपशकुन असतो."

"मग उभे राहा," मावशी म्हणाल्या. "अडीच तासांचा आहे."

गृहस्थ बसले. मध्यंतरात मॅनेजरनी मावशींना गाठलं. "ते बिल्ले आता काढा, बाई. लोक विचारायला लागलेत."

"उद्या दहापर्यंत नाही," मावशींनी सांगितलं, आणि आपण साहेबांना नाही म्हणालो, हे घरी गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

शनिवारी सकाळी ठमी मोठ्या बाईंच्या समोरच्या उंच खुर्चीवर बसली, मावशी दाराशी उभ्या. बाईंना खरी गोष्ट आधीच सांगावी असं नवऱ्याचं म्हणणं होतं. मावशींनी ऐकलं नाही. आधी सांगितलं तर ती सबब वाटेल. आधी पोरीला काय ते दाखवू दे.

"आठ अधिक चार?"

ठमीने डोळे मिटले. टेबलावर दोन बोटं चालायला लागली. "बारा."

"नऊ अधिक पाच?"

"चौदा."

"आठ अधिक आठ?"

"सोळा."

मोठ्या बाईंनी चष्मा वर सरकवला. "सात अधिक सहा?"

बोटं चालली आणि मधेच थांबली. ठमीच्या कपाळाला आठी पडली.  मावशींना पुढे होऊन ओरडून सांगावंसं वाटलं, पण जागचं हलता येत नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत राहिलं.

"तेरा," ठमी म्हणाली, आणि डोळे उघडून तिने खुलासा केला, "हा गाण्यातला नाही. खरा आहे."

मोठ्या बाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी मान हलवली. आणखी सहा गणितं विचारली. सहाही बरोबर आली. शेवटचं तर त्यांनी मुद्दाम अवघड घातलं, अठरा अधिक सात, आणि ठमी प्रश्न संपायच्या आत पंचवीस म्हणून मोकळी झाली.

"दहापैकी दहा," मोठ्या बाई म्हणाल्या. "सवलत चालू राहील. अभिनंदन. तुम्ही जाऊ शकता."

मावशी गेल्या नाहीत. त्या पुढे आल्या, पिशवीतून तो घडीचा कागद काढला आणि टेबलावर पसरला. आठवड्यापूर्वी याच टेबलासमोर त्यांना फारसं बोलता आलं नव्हतं. आता त्या खणखणीत आवाजात बोलल्या.

"बाई, यात आठ चुका नाहीत. एकच आहे, ती आठ ठिकाणी झालीये. आणि ती माझी आहे, हिची नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. खुर्च्या, बिल्ले, मालकांचं वावडं, बँकेतले काका. एकेक गणित बोटाने चालून दाखवलं. मोठ्या बाई आधी मागे टेकून ऐकत होत्या, मग पुढे झुकल्या, मग पेन घेऊन स्वतःच चालून बघायला लागल्या. पाचव्या गणिताला त्यांना हसू फुटलं. आठव्यानंतर त्यांनी पेन खाली ठेवलं.

"वर्गाच्या बाईंनी हा कागद बघितला. मी बघितला. आम्हाला दिसलं नाही." त्यांनी लाल पेन उचललं आणि कोपऱ्यातले ते दोन शब्द एका रेघेत खोडले. रेघ पुरेशी वाटली नाही म्हणून दुसरी मारली. खाली सही केली. "मी हिला उगाच बोल लावला. चुकलं माझं." मग ठमीकडे वळून त्या तिलाही म्हणाल्या, "चुकलं हं माझं."

"असू दे," ठमीने मोठ्या मनाने सांगितलं.

 मावशींनी डोळे पुसले नाहीत, ताठ उभ्या राहिल्या.

"तुम्ही किती शिकलात?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"सहावी."

"मग हे तुम्हाला सापडलं कसं?"

"कोण कुठे चुकून बसलंय, ते शोधायचा पगार मिळतो मला," मावशी म्हणाल्या. "आणि चुकून बसलेला माणूस लबाड नसतो, बाई. त्याला फक्त कुणीतरी बरोबर जागा दाखवावी लागते."

 मोठ्या बाईंनी खण उघडला, आतून तीन कागद काढले आणि टेबलावरून मावशींच्या बाजूला सरकवले. तिन्हींवर लाल फुल्याच फुल्या होत्या, आणि तिन्हींच्या कोपऱ्यात काहीबाही लिहिलेलं होतं.

"ही तीन मुलं आहेत. यांचंही मला काही कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "जरा बघता का?"

मावशींनी घड्याळाकडे पाहिलं. अकराला पाच कमी होते, बाराचा खेळ होता, आणि बिल्ले अजून परत जुन्या जागी लावायचे होते. त्यांनी खुर्ची ओढली, ठमीला मांडीवर घेतलं आणि पहिला कागद जवळ ओढला.